चटणीच्या डंकावर: आजारातून आणि व्यसनातून सावरणाऱ्या माणसांना काम कसं द्यावं

आमचा कोल्हापुरात चटणीचा डंक आहे, म्हणजे यंत्राच्या मुसळांनी मिरची-मसाला कांडून देणारी गिरणी. फाल्गुन लागला की बायका मिरची, धणे, खोबरं, कांदा-लसूण घेऊन येतात आणि वर्षाची चटणी कांडून नेतात. उरलेल्या महिन्यांत आम्ही स्वतःचा मसाला, भाजणी, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी करून विकतो. या कामावर मी मानसिक आजारातून उठलेली आणि दारू सोडलेली माणसं ठेवते. तसं काही आपणही करावं असं वाटणारे लोक भेटतात आणि सुरुवात कुठून करायची ते विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट पहिल्यांदाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: कामाचे तास माणसाप्रमाणे कमी-जास्त होऊ द्या, तासाचा दर मात्र कुणासाठीही कमी करू नका.

आधी खपणारा माल शोधा

बहुतेक जण उलटीकडून सुरू करतात. ‘या लोकांना काय जमेल?’ असं विचारतात आणि पणत्या, मेणबत्त्या, कागदी फुलं यांवर येऊन थांबतात. दिवाळीत एक स्टॉल लागतो, ओळखीचे लोक मायेपोटी घेतात, आणि मग अकरा महिने माल पेटीत पडून राहतो. सावरणाऱ्या माणसाला ते दिसतं. आपण केलेलं कुणाला नको आहे हे त्याला आपल्यापेक्षा लवकर कळतं.

तुमचं गाव दर आठवड्याला काय विकत घेतं ते बघा. कोल्हापुरात खानावळी आहेत, आणि तांबडा रस्सा करणाऱ्या खानावळीला दर खेपेला तोच रंग आणि तोच तिखटपणा लागतो. एकदा चव बदलली की तो मालक दुसरीकडे जातो, तुमच्याकडे कोण काम करतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मला असं गिऱ्हाईक फार मोलाचं वाटतं. त्याच्यामुळे कामाला माप येतं आणि काम करणाऱ्याला कळतं की आपल्याला नुसतं गुंतवून ठेवलेलं नाही. मसाल्यात पडायचं नसेल तर कापडी पिशव्या बघा. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून दुकानदारांना त्या लागतातच, आणि इचलकरंजी शेजारी असल्याने कापडाची अडचण नाही.

दुसरी कसोटी अशी की कामाचे लहान लहान तुकडे पडले पाहिजेत. मिरची निवडणं, देठं काढणं, ऊन देणं, भाजणं, कांडणं, चाळणं, तोलणं, पिशव्या भरून तोंड बंद करणं, लेबल लावणं, माल पोचवणं, उधारी वसूल करणं. एवढे तुकडे असले की कोणत्याही दिवशी, कोणत्याही अवस्थेत आलेल्या माणसाला देण्यासारखं काहीतरी हाताशी असतं. सगळं एकाच माणसाच्या एकाच कौशल्यावर चालणारा धंदा असेल, तर या कामासाठी तो सोयीचा नाही.

वर्षाचं गणितही आधी मांडा. डंकाची झुंबड फाल्गुन ते वैशाख. त्यानंतर मृग बसतो, ऊन जातं आणि मिरचीला दमटपणाने बुरशी धरते. पावसाळ्यात काम नाही म्हणून माणसांना घरी बसवलं, तर सावरणाऱ्यासाठी तेच दोन-तीन महिने सगळ्यात धोक्याचे. म्हणून मिरची उन्हाळ्यातच वाळवून, कांडून, हवाबंद करून ठेवायची, आणि आषाढ-श्रावणात कोरड्या चटण्या, भाजणी, पाकिटं भरणं असं काम राखून ठेवायचं. दिवाळीच्या चकलीच्या भाजणीचं काम तर नवरात्राआधीच सुरू होतं. आणि जागा भाड्याने घेताना 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजारपाजारी विचारून घ्या. व्हीनस कॉर्नरच्या बाजूला तळमजला स्वस्तात मिळाला म्हणून मसाल्याचं गोदाम करू नये.

माणसं कुठून येतात, त्यांना काय विचारायचं

सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे, व्यसनमुक्ती केंद्रांत आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठकींत तुमच्याकडे काम आहे एवढं कळवा. पहिला निरोप बहुधा नातेवाइकांचाच येतो. “आमच्या पोराला कुठंतरी अडकवा हो वहिनी,” असं आई सांगते. आईशी बोला, तिला बसवून चहा द्या, पण कामाचं ठरवताना पोराशीच बोला. त्याला यायचं नसेल तर नाही म्हणायचा हक्क त्याचा आहे.

आजाराचं नाव मी पहिल्या भेटीत विचारत नाही, त्याने सांगितलं तर ऐकते. मला हवं असतं ते वेगळं. सकाळी डोळे किती वाजता उघडतात? गोळ्या कधी घ्यायच्या असतात? कोणता आवाज सोसत नाही? आधी काय काम केलंय? घरातून इथवर कसं येणार, केएमटीने की चालत? तब्येत बिघडायला लागली की सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येतं? आमच्याकडे एक दादा आहेत, शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डिंगला होते. दारूने नोकरी गेली. वजनाचा आणि उष्णतेचा अंदाज त्यांच्या हातात आधीपासूनच होता. मसाला भाजताना खोबरं कधी काढायचं हे त्यांना घड्याळ न बघता कळतं. हे आजाराच्या कागदावरून कधीच समजलं नसतं.

मग थेट काम. आधी सहा महिने प्रशिक्षण आणि मग बघू, असं करू नका. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये मानसिक आजार असलेल्या लोकांसाठी जी पद्धत तयार झाली तिचं सूत्रच हे आहे: काम लवकर द्या आणि लागेल ती मदत कामावर असताना द्या. अनेक देशांतल्या चाचण्यांत या रीतीने जास्त लोक नोकरीला लागले आणि टिकले. मला त्यात नवल वाटत नाही. महिनोन्‌महिने नुसतं शिकणाऱ्याला आपण अजून आजारीच आहोत असं वाटत राहतं.

सुरुवात आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास. सकाळी अकरानंतर. मनोविकारावरच्या काही गोळ्यांनी सकाळी डोळ्यांवर झापड असते. नऊला बोलावलं तर तो उशिरा येणार, तुम्ही बोलणार आणि चौथ्या दिवशी तो येणारच नाही. तास वाढवायचे ते त्याने मागितल्यावर.

कोणाला कोणतं काम

इथे घाई करू नका. हा भाग नीट जमला तर बाकीच्या अर्ध्या अडचणी उभ्याच राहत नाहीत.

नवा माणूस आला की देठं काढायला बसवा. गोलात बसून, हातमोजे आणि मास्क घालून. हात चालू असतात, डोळे मिरचीवर असतात, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. बोलावंसं वाटलं तर बोलायचं, नाही तर नाही. कधी कधी पहिलं वाक्य आठवड्याने येतं. येऊ द्या.

झापड असलेल्या, चक्कर येणाऱ्या किंवा नुकतंच औषध बदललेल्या माणसाला डंकाजवळ पाठवू नका. मुसळाखाली हात जायला क्षण लागतो. डॉक्टरांनी यंत्रावर चालेल असं सांगितल्यावरच तिथे ठेवा, आणि तिथे कधीही एकटं नाही. हात थरथरणाऱ्याला पाकिटं भरायला दिलीत तर सांडतं आणि तो खजील होतो. त्याला लेबल तपासायला द्या, चाळायला द्या. काहींना डंकाचा धडधड आवाज सोसवत नाही. एका पोराने मात्र मला सांगितलं की त्या आवाजात कानातली बोलणी मागे पडतात. म्हणून आपण ठरवायचं नाही, विचारायचं.

लिथियम हे मनाचे चढउतार आवरणारं औषध चालू असलेल्या माणसाला चुलीपुढे भाजायला उभं करायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घाम गेला, पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते धोक्याचं ठरतं. उलट्या, जुलाब, हाताला जास्त कंप, चालताना तोल जाणं असं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आमच्याकडे माठ सगळ्यांच्या हाताशी असतो आणि पाणी प्यायला उठायला कुणाची परवानगी लागत नाही. गोळ्यांनी तोंड कोरडं पडणाऱ्यांनाही त्याची गरज असते.

औषध मात्र आपण देऊ नये, बदलायला सांगू नये, ‘आता बरा दिसतोस, कशाला गोळ्या’ असं तर कधीच म्हणू नये. सीपीआरला जायचा दिवस हा कामाच्या वहीत आधीच लिहून ठेवायचा. त्या दिवशीची गैरहजेरी गैरहजेरी धरायची नाही.

पगार

इटलीतल्या त्रिएस्ते गावात फ्रँको बासालिया नावाचे डॉक्टर मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. रुग्ण तिथे साफसफाई करायचे, पण ते उपचाराचा भाग म्हणून, खऱ्या पगाराशिवाय. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या रुग्णांची सहकारी संस्था झाली आणि त्याच कामाचा त्यांना रीतसर पगार मिळू लागला. पुढे 1991 मध्ये इटलीने अशा सहकारी संस्थांसाठी कायदा केला. त्यातल्या एका प्रकारच्या संस्थेत किमान 30 टक्के कामगार अशा अडचणीतून आलेले असावे लागतात. म्हणजे सगळेच नाहीत. हे मी आमच्याकडेही पाळते. आजार झालेले आणि न झालेले एकाच गोलात बसतात, आणि बाहेरून येणाऱ्या बाईला कोण कोणता ते कळत नाही.

आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्येही हे आहे: मानसिक आरोग्य संस्थेत कुणाला जबरदस्तीने कामाला लावता येत नाही, आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. आपला डंक म्हणजे रुग्णालय नव्हे, तिथे तर पूर्ण मजुरी दिलीच पाहिजे. किमान वेतनाच्या खाली जाऊ नका. ‘त्याला घराबाहेर पडायला मिळतं हेच खूप’ असं नातेवाईक स्वतः म्हणतील, तरीही नाही.

मग कमी वेगाचा खर्च कुठून काढायचा? याचा हिशोब स्वच्छ मांडावा लागतो. समजा तासाची मजुरी 60 रुपये. सरावलेला माणूस तासाला 40 पाकिटं भरतो, म्हणजे पाकिटामागे दीड रुपया. नवा माणूस 15 भरतो, म्हणजे चार रुपये. मधले अडीच रुपये पाकिटाच्या किमतीवर टाकलेत तर बाजार तुमचा माल घेणार नाही. माणसाच्या मजुरीतून कापलेत तर मग त्याला काम दिलं असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? तासाच्या पंधरा पाकिटांचे हे साडेसदतीस रुपये होतात. ते आधाराच्या खर्चात लिहा. त्याच खात्यात दवाखान्याच्या फेऱ्या, लक्ष द्यायला ठेवलेल्या माणसाचा पगार, जादा विश्रांती हे सगळं येतं. ते खातं देणग्यांतून, एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून किंवा धंद्याच्या नफ्यातून भरायचं. मिरची, वीज, भाडं आणि नेहमीची मजुरी ही मात्र विक्रीतूनच निघाली पाहिजे. या दोन वह्या एकत्र केल्या की धंदा चालतो आहे की देणग्या त्याला चालवत आहेत हे तुम्हालाच कळेनासं होतं.

पगार बँक खात्यात, ज्याचा त्याच्याच. नवऱ्याच्या, भावाच्या, वडिलांच्या खात्यात नाही. बायकांच्या बाबतीत तर यात अजिबात माघार घेऊ नका.

दारू सोडलेल्यांसाठी पगाराचा दिवस हा सगळ्यात अवघड दिवस. शनिवारी संध्याकाळी पगार देऊ नका. आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी, काम सुरू असताना देतो. त्या दिवशी कुणाला सोबत हवी असेल तर सोबत जातो, पोराची फी भरून येतो, किराणा आणतो. ज्यांना हवं त्यांचा काही हिस्सा परस्पर आवर्ती ठेवीत जातो. उचल मागायला लोक येणारच. ती सरसकट बंद करू नका, कारण घरात खरंच कुणी आजारी असतं. पण उचल रोख देऊ नका. औषधाच्या दुकानात, शाळेत, घरमालकाला थेट भरा.

आणखी एक सापळा आहे. काहींना संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळत असतं आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे. पगार सुरू झाल्यावर त्याचं काय होईल हे तहसील कार्यालयात आधी विचारून त्या माणसाला स्पष्ट सांगा, आणि मग तास त्यालाच ठरवू द्या. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात मानसिक आजारही धरलेला आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर इतर सवलती उघडतात. प्रमाणपत्राचे आणि यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचे, कागद भरायला बसा त्याच्याबरोबर. ते एकट्याने होत नाही.

गिऱ्हाईक

पाकिटावर आजार छापू नका. ‘मनोरुग्णांनी बनवलेला मसाला’ असं लिहून एकदा खपेल, पण ज्याने तो भरला त्याच्या बहिणीचं लग्न ठरायचं असतं. फोटोही विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि हो म्हटलेल्याला नंतर नाही म्हणता आलं पाहिजे.

गिऱ्हाईक मिळवायची रीत आपल्याच शहरात शंभर वर्षांपूर्वी दिसली आहे. गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल घातलं तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असं वातावरण होतं. शाहू महाराजांनी नुसती मदत देऊन विषय संपवला नाही. ते स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवत आणि बरोबरच्या लोकांनाही पाजत. मला वाटतं, अशा उद्योगाला देणगीदारापेक्षा असा माणूस आधी लागतो, जो चारचौघांत येऊन विकत घेतो. तुमच्या भागातले डॉक्टर, शाळेच्या मुख्याध्यापिका, तालमीचे वस्ताद यांना पाकीट भेट देऊ नका. दुकानात यायला सांगा, पैसे घ्या, गल्ल्यावर बसलेल्या माणसाशी त्यांना बोलू द्या.

उद्योग म्हणून बाहेर जाऊन बघायचं असेल तर हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड ही संस्था इथलीच आहे. नसीमा हुरजूक यांनी ती 1984 मध्ये कोल्हापुरात सुरू केली, आणि सिंधुदुर्गात अपंग माणसं चालवतात असा काजू प्रक्रियेचा प्रकल्पही उभा केला. व्यसनाचं समजून घ्यायचं तर पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, 1986 पासूनचं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. खाण्याचा माल असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी हवीच. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. देणग्या घ्यायच्या तर न्यास किंवा कलम 8 ची, म्हणजे नफ्यासाठी नसलेली, कंपनी लागते. नुसत्या दुकानाच्या नावावर देणग्या गोळा करू नका. कामगार दहा झाले की ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, बघा, आजारी माणसांच्या घरांना त्याचा मोठा उपयोग आहे.

पुन्हा बिघडलं तर

बिघडणारच, हे धरून चालायचं. म्हणून तब्येत चांगली असतानाच त्या माणसाबरोबर बसून एक कागद लिहा. माझं बिघडायला लागतं तेव्हा काय दिसतं. कुणाला फोन करायचा. कुणाला करायचा नाही. मला काय बोललेलं चालतं. कागदावर त्याची सही, आणि तो कपाटात बंद. आमच्याकडच्या एका ताईंनी लिहिलंय: मी कपाळाला कुंकू लावायचं विसरले की दोन दिवसांत माझी झोप जाते. असं कोणत्याही डॉक्टरला बाहेरून दिसणार नाही.

पिऊन आलेल्याला डंकावर घ्यायचं नाही, आणि चारचौघांत बोलायचंही नाही. कुणीतरी सोबत जाऊन घरी पोचवायचं. बोलणं दुसऱ्या दिवशी, शुद्धीवर असताना. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून ‘आजपासून बंद कर’ असा दम देऊ नका, डॉक्टरकडे न्या. व्यसनासाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हे क्रमांक आम्ही वजनकाट्याच्या वर भिंतीवर लिहून ठेवलेत. कुणी मरणाचं बोलू लागलं तर त्याला एकटं सोडू नका. हातातलं काम राहू दे.

त्याची जागा राखून ठेवा. किती दिवस राखणार हे आधीच सगळ्यांना सांगा आणि सगळ्यांना सारखंच ठेवा. परत आला की पुन्हा देठांपासून सुरुवात, पुन्हा दोन तास, आणि दर तोच.

बाहेरच्या नोकरीला पाठवताना

काही जण तुमच्याकडेच राहतील, त्यात वाईट काही नाही. पण ज्याला गोकुळ शिरगावला किंवा कागलला कारखान्यात जायचंय त्याला चांगला हात जातोय म्हणून अडवू नका. अनुभवाच्या पत्रात काम लिहा: किती तास, कोणतं यंत्र, हिशोब बघत होता का. आजार लिहू नका. नव्या मालकाला सांगायचं की नाही ते त्यानेच ठरवायचं. सांगायचं ठरलं आणि त्याला तुम्ही बरोबर हवे असाल, तर जा. रात्रपाळी आहे का हे मात्र रुजू व्हायच्या आधीच विचारायला लावा, कारण झोप मोडली की अनेकांचा आजार उलटतो आणि पाळी नंतर बदलून घेणं अवघड जातं. पहिल्या पगारापर्यंत दर आठवड्याला फोन करा, आणि त्याने उचलला नाही तर घरी जाऊन या.